टायरची शेवटची वीत चढत नाही

मोखाड्याचा दवाखाना

नमस्कार मंडळी. मी मोखाडा तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गाडी २०११ ची स्प्लेंडर. स्पोकची चाकं, पुढेमागे २.७५-१८ चे ट्यूबवाले टायर. गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही, इतक्या वर्षांत इंजिनाने मला कुठे टाकलं नाही. टाकलं ते टायरने.

मेअखेर आमचं घटसर्प-फऱ्याचं लसीकरण चालू असतं. पाऊस लागला की निम्म्या पाड्यांवर गाडी जात नाही, म्हणून सगळं त्याआधी उरकायचं. त्या दिवशी साडेसातला लशीचा डबा मागे बांधून निघालो. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, डब्यात बर्फाचे पॅक असतात. दुसऱ्या पाड्याच्या अलीकडच्या उतारावर मागचं चाक डुलायला लागलं. उतरून बघितलं तर बोरीचा काटा. आणि मी बावळटासारखा तशीच पन्नासेक पावलं गाडी चालवली होती, त्यात ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटली. पंक्चरवाला एकोणीस किलोमीटरवर. फोन केला तर तो गावी लग्नाला. गाडी ढकलत डांबरीवर आणली, वडाप मिळेपर्यंत अकरा वाजले, डब्यात हात घातला तर पॅकचं पाणी झालेलं. ती लस टाकून द्यावी लागली. वरच्या पाड्यावर लोकांनी सकाळपासून गुरं चरायला न सोडता दाव्याला बांधून ठेवली होती. एका म्हातारीने नंतर ऐकवलं, "डाक्तर, तुझ्या चाकाला काय झालं ते आमच्या गुरांना काय ठावं?"

तेव्हाच ठरवलं, टायर-ट्यूबचं काम स्वतः शिकायचं. तसाही मागचा टायर गुळगुळीत झाला होता. नाशिकला गेलो तेव्हा नवा टायर आणि ट्यूब घेऊन आलो आणि गेल्या रविवारी अंगणात पोतं टाकून बसलो.

चाक काढायलाच तास गेला. चेनकव्हर उघडलं, चेनची लॉक काढली, ती हरवली, सापडली. मग दोन मोठे स्क्रू ड्रायव्हर आणि शेजारच्या जीपमधली टामी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी दांडी, घेऊन जुना टायर कसाबसा ओढून काढला. नव्या टायरची पहिली बाजू पायाने दाबली तशी चढली. वाटलं, एवढंच होतं होय! ट्यूब आत घातली, दुसरी बाजू चढवत चढवत आणली आणि शेवटची एक वीत राहिली. ती काही केल्या चढेना. टामी घातली, पाय दिला, कडेला खोबरेल लावलं, शेवटी दोन्ही स्क्रू ड्रायव्हर घालून त्यांवर उभाच राहिलो. फाडकन् चढला. हवा भरायला घेतली, पंप मारतोय मारतोय, टायर फुगेचना. पुन्हा उघडलं तर नव्या कोऱ्या ट्यूबला दोन ठिकाणी साप चावल्यासारख्या खुणा.

पाच पॅचवाली दुसरी एक जुनी ट्यूब घालून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी ती वीत चढलीच नाही. आता आठवडा झाला, चाक ओटीवर पडलंय आणि रिंगच्या मधोमध कोंबडी बसते.

विचारायचंय ते असं. टायरचं माप चुकलंय का? की नवा टायर आखडलेला असतो? जास्त लांबीची टामी घेऊ का? व्हिडिओ बघितले, त्यात लोक दोन मिनिटांत टायर चढवतात आणि नेमकी शेवटची वीत कॅमेरा दुसरीकडे असताना चढते.


डोंबिवलीकर

भाऊ, एका वाक्यात सांगू? चाक वडापच्या टपावर टाका, तालुक्याला पाठवा, शंभर-दीडशे रुपयांत टायर चढून परत येईल. ज्याचं काम त्याने करावं. आपण त्याच्या गाईला इंजेक्शन देतो का?

आणि दिवाळीला बोनस मिळाला की अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टाकून घ्या. माझ्या गाडीला खिळा घुसला तरी मी तसाच ऑफिसला जातो, संध्याकाळी प्लग मारून घेतो. विषय संपला.


मोखाड्याचा दवाखाना

दादा, चाक पाठवता येईल हो. पण पुढच्या वेळी पंक्चर झालं की मी आणि लस पुन्हा उतारावरच. मला ते तिथे, रस्त्याच्या कडेला करता यायला हवं. घरी जमलं तर तिथे जमेल.


टायर सेक्शन

डॉक्टर, तुमचा प्रश्न वाचला आणि इतकी वर्षं नुसता वाचणारा मी आज लिहायला बसलो. एस.टी.च्या आगारात टायर सेक्शनला एकतीस वर्षं काढली. आता सांगलीत असतो, नातवाची सायकल सोडली तर टायरला हात लागत नाही.

टायरचं माप बरोबर आहे. टायर आखडलेलाही नाही. तुम्ही ताकद लावताय, पण जागा केलेली नाही.

आता ओटीवर जा, कोंबडी उठवा आणि रिंग नीट बघा. दोन्ही बाजूंना उंच काठ आहेत. त्यांच्या आत टायरची कड बसायची सपाटी. आणि अगदी मधोमध, जिथे स्पोकच्या निपल्सची डोकी आहेत, तिथे खोलगट घळ आहे. ती घळ शोभेला नाही ठेवलेली. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती रबरासारखी ताणत नाही. तुम्ही उभे राहा नाही तर म्हैस उभी करा. तारेचा घेर रिंगच्या काठापेक्षा लहान असतो, म्हणूनच तर हवा भरल्यावर टायर निसटत नाही. मग लहान घेर मोठ्या काठावरून चढतो कसा? समोरच्या बाजूची कड घळीत उतरवली की तिकडे जेवढी खाली गेली तेवढी ढील इकडे मिळते. कासार बांगडी कशी भरतो ते आठवा. बांगडी ताणत नाही. तो हात दाबून, अंगठ्याचं बोंड आत घेऊन जागा करतो. तुम्ही बांगडीवर उभे राहिलात.

तुमचं काय झालं असणार ते न बघता सांगतो. शेवटच्या विताशी झटत होता तेव्हा समोरची कड घळीतून वर येऊन काठाशी बसली होती. नव्या टायरची कड कडक असते, ती सारखी वर येते. एका हाताने टामी आणि समोर कोणी दाबलेलं नाही, मग कितीही जोर लावा. जोर लावला की दोनच गोष्टी होतात, एक तर टामीचं टोक ट्यूब चावतं नाही तर कडेची तार मोडते. तार मोडलेला टायर बाहेरून चांगला दिसतो, पण तो टाकूनच द्यायचा. तुम्ही उभे राहिला होता त्या जागेवर आतून बोट फिरवून बघा, गाठ किंवा मोड लागतेय का.

लांब टामी घेऊ नका. वीतभर-दीड वीत लांबीच्या दोन पुरतात, तिसरी असली तर चैन. लांब टामीने हाताला कळत नाही की पलीकडे किती जोर चाललाय. स्क्रू ड्रायव्हर तर फेकूनच द्या, म्हणजे टायरच्या कामातून. त्याची धार असते. टामीची टोकं गोल हवीत, कानस मारून मग पॉलिश पेपर फिरवा, गालावर घासली तरी ओरखडा येता कामा नये. आमच्याकडे नव्या पोराची पहिली टामी त्याच्याच हाताने घासून घ्यायचे, तीन दिवस.

चाक काढताना तुम्ही चेन उघडलीत, तेही नको होतं. तुमच्या गाडीला चेनच्या बाजूला एक मोठा नट आहे आणि त्याच्या आतून एक्सलचा लहान नट. मोठ्याला हात लावायचा नाही, चेनचं चक्र त्याच्यावर तसंच लटकत राहतं. लहान नट, ब्रेकचा रॉड आणि ब्रेक प्लेटला धरणारी ती पट्टी, टॉर्क आर्म, एवढंच सोडायचं. तिच्या नटाला तो गळू नये म्हणून स्प्लिट पिन असते, ती वाटीत काढून ठेवा. एक्सल ओढला की बाजूचा बुश खाली पडतो, तोही वाटीत. चाक ब्रेकच्या बाजूला सरकवलं की चक्रापासून सुटतं. गाडी जरा कलती केली की मडगार्डखालून बाहेर. पुढच्या वेळी दहा मिनिटांत निघेल.

टायर काढताना आधी व्हॉल्व्हची पिन काढा. हवा सोडणं वेगळं आणि पिन काढणं वेगळं, पिन असली की ट्यूबमध्ये थोडी हवा अडून राहते आणि ती थोडी हवाच वैरी. मग दोन्ही बाजूंची कड रिंगपासून सोडवा. घरी मशीन नसतं, चाक पोत्यावर ठेवून रिंगच्या अगदी काठाला टाच मारत फिरा. नाही सुटली तर दुसरी गाडी आणा, तिचा साइड स्टँड कडेवर टेकवा आणि गाडी त्यावर हळू कलवा, कड सुटते. सुटली की टामी व्हॉल्व्हपाशी घालायची आणि समोरची कड गुडघ्याने घळीत दाबायची. व्हॉल्व्हपाशीच का, तर तिथे ट्यूबचं जाड बूड घळीत बसलेलं असतं, कड तिथे खाली जाऊच शकत नाही. म्हणून ती जागा नेहमी उचलायची, दाबायची समोरची. एक ओळ पाठ करा, व्हॉल्व्हपाशी सुरू करून काढायचा, व्हॉल्व्हपाशी संपवून चढवायचा. मला वाटतं तुम्ही दुसऱ्याच कुठल्या तरी जागी संपवत होता.

नवा टायर चढवायच्या आधी रिंग बघा. इतकी वर्षं जुनी गाडी आणि तुमच्याकडचा पाऊस, निपल्सशी गंज असणारच. पॉलिश पेपर मारा. एखादा स्पोक निपलच्या वर आला असेल तर तो कानसेने घासा, नाही तर तो आतून ट्यूब टोचत राहील आणि तुम्ही रस्त्यावर काटा शोधाल. रिंगवरची रबरी पट्टी कुजली असेल तर जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून घाला, व्हॉल्व्हला भोक पाडून. टायरच्या बाजूला बाण असतो, तो फिरायच्या दिशेने. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणा, तिथे टायर सगळ्यात हलका असतो आणि व्हॉल्व्हचं वजन तिथे भरून निघतं. टायर कधी बनला त्याचा चार आकडी शिक्काही वाचून ठेवा, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात कधी कधी तीन-तीन वर्षं पडून असतो.

खोबरेल नको. तेल रबर खातं आणि कड रिंगवर घसरत राहते. अंगाच्या साबणाचं पाणी करा, ताकासारखं दाट, आणि दोन्ही कडांना फडक्याने लावा. ते वाळलं की घसरत नाही. ट्यूबला टाल्कम पावडर चोळा. टायरमध्ये घालायच्या आधी ट्यूबमध्ये पिन घालून तोंडाने फुंकल्याइतकी हवा भरा, नुसती गोलाई यावी एवढी. रिकामी ट्यूब दुमडते आणि नेमकी टामीखाली येते.

मग पहिली बाजू चढवा, ट्यूब घाला, व्हॉल्व्ह भोकातून काढून नट एक-दोन आटे लावा. दुसरी बाजू व्हॉल्व्हच्या समोरून हाताने, गुडघ्याने सुरू करा. दोन्हीकडून सारखे चढत या. एका वेळी चार बोटं, जास्त नाही. टामीचं टोक काठाच्या जेमतेम आत, खोल गेलं की ट्यूब गेली. आणि शेवटच्या विताला आलात की थांबा. टामी खाली ठेवा. समोर जा आणि सगळी कड पुन्हा घळीत दाबा. तुमचे दोन्ही गुडघे तिथे हवेत. नाही पुरले तर माणूस बसवा. मग ती वीत चार बोटांवर येईल आणि उरलेलं अंगठ्याने जाईल. टामी लागली तरी हलकी. शेवटचं टोक चढलं की व्हॉल्व्ह बोटाने आत दाबून सोडा, म्हणजे बुडापाशी ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते.

हवा भरा, टायरच्या बाजूला रिंगलगत बारीक रेघ असते, ती सगळीकडून सारखी दिसली पाहिजे. एका जागी ती रिंगखाली लपली असेल तर कड बसली नाही. हवा सोडा, तिथे साबण लावा, पुन्हा भरा. पहिल्यांदा भरलेली हवा तशीही एकदा पूर्ण सोडायचीच, ट्यूबच्या घड्या सुटतात. कड बसवायला चाळीस पौंडांपर्यंत न्या, मग पुस्तकात दिलंय तेवढ्यावर आणा. व्हॉल्व्हचा नट रिंगला आवळू नका, वर टोपीशी आणून ठेवा. टायर रिंगवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होऊन तुम्हाला दिसेल. आवळलेला नट तो तिरका होऊ देत नाही आणि मग तुमच्यासारखी ट्यूब बुडाशी फाटते.

आगारात १०.००-२० मापाच्या टायरची चाकं असायची, लॉक रिंगवाली, म्हणजे टायर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असलेली. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचो आणि समोर कोणी उभं राहायचं नाही, कारण लॉक रिंग नीट बसली नसेल तर सुटून येते. मोटारसायकलच्या टायरने असं काही होत नाही, पण बोटं सांभाळा. ताणाखाली टामी हातातून सुटली तर ती तोंडावरच येते. डोकं टामीच्या रेषेत नको.

डोंबिवलीकरांना एवढंच, गावातल्या गाईला इंजेक्शन द्यायला डॉक्टरच यायला लागतो आणि त्याला यायला चाक लागतं.


डोंबिवलीकर

काका, नमस्कार. मी माझे शब्द मागे घेतो. ट्यूबलेसवर मात्र ठाम आहे.


रंकाळ्यावरची

काकांचा मेसेज मी प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला चिकटवणार आहे. थोडी भर घालते. माझी गाडी हिमालयन ४११, स्पोकची चाकं, पुढे २१ इंची, मागे १७, दोन्ही ट्यूबवाले. मी घरात टायर काढते म्हटल्यावर आई म्हणाली होती, "तुला पोळ्या येत नाहीत आणि हे येतं."

ट्यूबलेसबद्दल दादा, रस्त्यात प्लग मारायला ते सोपं हे खरंच. पण घरी टायर बदलायचा असेल तर ट्यूबलेस जास्त त्रासाचं. ट्यूब नसल्यामुळे कड आधी रिंगला टेकल्याशिवाय हवाच धरत नाही, पायपंपाने कितीही मारा, बाजूने फुसफुस निघून जाते. त्याला कंप्रेसरचा एकदम झोत लागतो. आणि अलॉयला टामीचा ओरखडा गेला की तो कायमचा. ट्यूबवाला टायर पायपंपावर भागतो.

डॉक्टर, तीन गोष्टी. एक, इंजिन ऑइलचा रिकामा कॅन कापा, तळहाताएवढे दोन तुकडे, ते रिंगच्या काठावर वाकवून त्यावर टामी टेकवा. रिंग सोलत नाही. दोन, टायर चढवायच्या आधी तासभर उन्हात ठेवा. ऊन नसेल तर चुलीजवळ, पण भाजू नका. गरम कड ऐकते. तीन, माझं वजन बावन्न किलो आहे, गुडघ्यांचा जोर पुरत नाही, म्हणून मी समोरच्या बाजूला केबल टाय लावते. टायरच्या दोन्ही कडा आवळून एकमेकींजवळ आणायच्या, म्हणजे त्या घळीतून वर येत नाहीत. टायर चढला की टाय कापून ओढून काढायच्या. मोजून लावा, मोजून काढा. एक आत राहिली तर ती ट्यूब घासते.

स्पितीत काझाच्या अलीकडे मागचं चाक दुसऱ्यांदा बसलं, १७ ची जास्तीची ट्यूब आधीच वापरून झाली होती. पुढची २१ ची ट्यूब मागच्या टायरमध्ये दुमडून कोंबली आणि हळूहळू काझाला पोचले. कायमचा उपाय नाही, पण चाललं. तिथे दगडावर बसून टायर चढवताना एक मेंढपाळ पूर्ण वेळ बघत उभा होता. शेवटची वीत आली तेव्हा तो न बोलता येऊन समोरच्या बाजूवर बसला. त्याला कोणी शिकवलं होतं देव जाणे.


टायर सेक्शन

केबल टायची युक्ती माझ्या काळात नव्हती. बघून मग बोलेन. कॅनचे तुकडे उत्तम.


मोखाड्याचा दवाखाना

काका, ताई, झालं! सविस्तर सांगतो, कारण सांगायला इथे कोणी नाही. बायकोला दोनदा सांगून झालं.

गावातल्या लोहाराकडून जीपच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याच्या तुकड्याच्या दोन टाम्या करून घेतल्या. त्याला वाटलं गुरांच्या कामासाठी काही तरी हत्यार आहे. कानस आणि पॉलिश पेपर मीच मारला, दोन संध्याकाळी. गालावर घासून बघितल्या. रिंगला आतून गंज होताच, एक स्पोक तांदळाच्या दाण्याएवढा वर आलेला, तो घासला. रबरी पट्टी हातात घेतली तर तिचा भुगा झाला. कडेला आतून बोट फिरवलं, गाठ लागली नाही, तार वाचली म्हणायची. जुन्या टायरमध्ये सहज म्हणून सुती फडकं फिरवलं तर एका जागी दोरा अडकला, तिथे आणखी एक काट्याचं टोक निघालं. म्हणजे त्या दिवशी मी बोरीला दोष दिला, पण हा बहुतेक खैराचा होता, वाकडा.

रविवारी पावसाने उघडीप दिली. टायर ओट्यावर उन्हात ठेवला, साबणाचं ताक केलं. नाशिकहून आणलेल्या ट्यूबचे ते दोन चावे आधी पॅच केले, कारण दुसरी नवी आणायला जमलं नाही. पावडर संपली होती, धाकटीच्या डब्यातली घेतली, त्याबद्दल घरात चौकशी चालू आहे.

पहिली बाजू चढली. ट्यूब घातली, व्हॉल्व्ह बाहेर काढला, नट दोन आटे. समोरून सुरू केलं, चार-चार बोटं. आणि पुन्हा ती वीत. माझे हात आपोआप टामीकडे गेले हो, सवय किती लवकर लागते. काकांचं "थांबा" आठवलं. टामी खाली ठेवून समोर बघितलं तर कड खरंच घळीतून वर येऊन काठाशी बसलेली होती. गेल्या वेळी मी तिकडे एकदाही बघितलं नव्हतं. दोन्ही हातांनी दाबत दोन्हीकडून व्हॉल्व्हकडे सरकत आलो, पण हात उचलला की ती पुन्हा वर. मग मोठीला हाक मारली, ती सहावीत आहे. म्हटलं, इथे गुडघे टेकून बस आणि हलू नकोस. ती बसली आणि माझ्या डोळ्यांदेखत ती वीत तीन बोटांवर आली. जोर काहीच लावला नव्हता. टामी नुसती टेकवली आणि कड पुक् करून आत गेली. पोरगी म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी तुम्ही आठवडाभर ओरडत होता?"

व्हॉल्व्ह आत दाबून सोडला. पंप मारला. हवा धरली. रेघ बघितली तर चेनच्या बाजूला एका जागी आत लपलेली, तिथे साबण लावून पुन्हा भरली, अडतिसाला टक्कन् आवाज आला आणि रेघ सारखी झाली. मग अठ्ठाविसावर आणली. नट टोपीशी. चाक बसवायला वीस मिनिटं, मोठ्या नटाला हात न लावता. ब्रेकचा रॉड, एक्सल, सगळं आवळलं. एकूण एक तास पन्नास मिनिटं, त्यात चहा धरलेला आहे.

काल वरच्या पाड्यावर जाऊन आलो, सहा-सात किलोमीटर कच्चा रस्ता, हवा तशीच. म्हातारी भेटली, तिला चाक दाखवलं. तिने म्हशीचा कान दाखवला, त्यात किडे झाले होते, ते आधी बघ म्हणाली.

आता ट्यूब, दोन टाम्या, कॅनचे तुकडे, साबणाची वडी आणि पायपंप असं एक गाठोडं लशीच्या डब्याशेजारी बांधतोय. पुढची परीक्षा रस्त्यावर.


रंकाळ्यावरची

अभिनंदन डॉक्टर! मुलीला टामी घासायला शिकवा.

एक विचारू? रॉड, एक्सल, सगळं आवळलं लिहिलंय, पण टॉर्क आर्मचं नाव कुठे दिसलं नाही. तो नट आवळलात ना? आणि त्याची पिन?


टायर सेक्शन

मीही तेच विचारणार होतो. तो नट गळाला तर ब्रेक दाबल्याबरोबर ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होतं. उतारावर असाल तर विचारायलाच नको. आत्ता बघून या.


मोखाड्याचा दवाखाना

बॅटरी घेऊन बघून आलो. नट आवळलेला आहे. पिन नाही. वाटीत नव्हती, पोत्यावर नव्हती. रविवारच्या शर्टाच्या खिशात सापडली. तो शर्ट धुऊन दोरीवर वाळत होता.

घातली. दोन्ही टोकं दुमडली. मोठीने बॅटरी धरली होती.